दुष्काळ, दानधर्म आणि कायदा

घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरीवली येथील चाळींतल्या व झोपडवस्त्यांतल्या वृद्धांस 'मुंबईस कधी आलात?' असे विचारले, तर पुष्कळदा 'बहात्तरच्या दुष्काळात' एवढेच उत्तर मिळते. गाव सोडून आलेल्या या माणसांच्या वाडवडिलांस मागल्या दुष्काळांत कोणी व कशा रीतीने जगविले, याचा आमच्या उपनगरवासी वाचकांनी एकवार विचार करावा. त्याचा संबंध वाचकांच्या पगाराशी आहे. तो कसा, हे पुढे येईलच.

दुष्काळातील अन्नदान म्हटले की मंगळवेढ्याचे दामाजीपंत आठवतात. बेदरच्या बादशहाची कोठारे त्यांनी भुकेल्यांस मोकळी केली व विठ्ठलाने विठू महार होऊन त्या धान्याचे मोल भरले, असे परंपरा सांगते. वकिलाच्या नजरेस या कथेतील मेख वेगळीच दिसते. धान्य सरकारी होते, भुकेल्यांचा त्यावर कायदेशीर अधिकार काडीचा नव्हता, म्हणूनच हिशेब मिटविण्यास प्रत्यक्ष देवास यावे लागले! १८७७ साली जोतीराव फुले व सत्यशोधक समाज यांनी पुण्याजवळ धनकवडी येथे दुष्काळग्रस्त मुलांच्या अन्नाची सोय केली. हे कार्य थोर होते, यात शंका नाही. तथापि दात्याचा हात आखडला की अन्नछत्र बंद पडते, आणि त्याविरुद्ध कोणत्याही कोर्टात दाद मागता येत नाही.

सरकारची तऱ्हा तर याहून कठोर होती. १८७७ च्या जानेवारीत व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांनी सर रिचर्ड टेंपल यांस दुष्काळी भागांत धाडले. टेंपलसाहेबांच्या हिशेबाने मजुराची रोजची मजुरी एक पौंड धान्याची किंमत व वर थोडे पैसे एवढ्यावर आली. एक पौंड म्हणजे अर्ध्या किलोहूनही कमी. तेवढ्यावर दिवसभर खडी फोडावयाची! मुंबई इलाख्यातील हजारो मजुरांनी कामे सोडून दिली. उपाशी माणसांनी केलेला हा संप आमच्या शाळकरी इतिहासात सहसा सापडत नाही. पुण्याची सार्वजनिक सभा मात्र त्या वेळी जिल्ह्याजिल्ह्यांतील हकीकत गोळा करून सरकारपुढे ठेवीत होती.

पुढे १८८० साली दुष्काळ कमिशनचा अहवाल आला. दुष्काळात प्रजेस वाचविणे हे सरकारचे कर्तव्य, असे कमिशनने मान्य केले. परंतु मदत मागण्याचा गरिबांस हक्क आहे असे म्हणण्यास ते कचरले. दुष्काळात हक्क कबूल केला तर सुकाळातही तो कबूल करावा लागेल, ही त्याची धास्ती! ज्या इंग्लंडात १६०१ च्या कायद्याने गरिबांस पोसण्याचा भार गावकीवर टाकला होता, तेथील कायदेपंडितांस ही भीती हिंदुस्थानापुरतीच का वाटावी, हे चाणाक्ष वाचकांस सांगावयास नको. यातून निघालेला फॅमिन कोड हा अधिकाऱ्यांस दिलेल्या सूचनांचा संग्रह राहिला. तरीही १८९६ साली टिळकांनी 'केसरी'तून त्याच कोडाची कलमे शेतकऱ्यांस समजावून दिली, आणि पीक बुडाले असता सारा माफ वा तहकूब करून मागा, असे निर्भीडपणे सांगितले. सार्वजनिक सभेची माणसे हाच निरोप घेऊन ठाणे जिल्ह्यातही हिंडली. आमची ही चारही उपनगरे तेव्हा त्याच जिल्ह्याच्या साष्टी तालुक्यात मोडत. १८९७ साली सरकारने सभेची मान्यताच काढून घेतली.

कमिशनने नाकारलेली गोष्ट महाराष्ट्राने शंभर वर्षांच्या आत केली. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून निघालेल्या रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला व २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. मागणी केल्यापासून पंधरा दिवसांत काम द्यावे, न दिल्यास बेकारी भत्ता द्यावा, असा त्याचा मथितार्थ आहे. केंद्राने तोच मार्ग २००५ साली धरला.

आता पगाराची गोष्ट. चाकरमान्याच्या पगारपत्रकात साधारणतः दरमहा २०० रुपये व फेब्रुवारीत ३०० रुपये 'व्यवसाय कर' म्हणून कापले जातात. हा कर १९७५ साली महाराष्ट्राने मुख्यत्वे या रोजगार हमीच्या खर्चासाठीच बसविला. सार्वजनिक गणेशोत्सवाच्या वर्गणीची पावती हट्टाने मागणारा आमचा अंधेरीकर वा मुलुंडकर या रकमेचा हिशेब कधी विचारीत नाही! उपनगरांतील आमदारांनी येत्या अधिवेशनात तो विचारावा : कर किती जमला, ग्रामीण मजुरांच्या कामांवर किती खर्ची पडला, आणि पंधरा दिवसांत काम न मिळालेल्या किती जणांच्या हाती भत्ता पडला?