टेन्शन घालवायचे उपाय आणि आपली येळवस



सध्या व्हॉट्सअॅपवर एक यादी फिरतेय. ताण कमी करायचे उपाय. पहाटे पाचला उठा, दहा मिनिटं ध्यान करा, कोमट पाणी प्या, रोजनिशी लिहा, आठवड्यातून एक दिवस निसर्गात घालवा. यादी वाईट नाही. श्वासाकडं लक्ष दिलं की धडधड कमी होते, चाललं की झोप चांगली लागते, हे खरंच आहे. पण "निसर्गात घालवा" हे वाक्य परंडा तालुक्यातल्या माणसानं कसं वाचायचं? २०२५ च्या सप्टेंबरात सीना आणि चांदणीचं पाणी घरात आणि शिवारात शिरलं, माणसं हेलिकॉप्टरनं काढावी लागली. सोयाबीन तर गेलंच, बऱ्याच ठिकाणी खालची मातीसुद्धा वाहून गेली. त्या माणसाला निसर्ग पुरे झालाय राव.

म्हणून माझं मत आधीच सांगून टाकतो, मग भांडा. आपल्याकडचं टेन्शन दोन जातींचं आहे. एक विसाव्यानं जातं आणि दुसरं पैसा हातात आल्याशिवाय जात नाही. या दोन्हींची सरमिसळ झाली की घोटाळा होतो. ज्याला विम्याची रक्कम पाहिजे त्याला प्राणायाम शिकवणं ही थट्टा आहे. सोयाबीनचा हमीभाव २०२५-२६ साठी ५,३२८ रुपये क्विंटल जाहीर झाला, आडतीवर त्याच्या बराच खाली माल गेला, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. २०२० च्या खरिपाच्या पीकविम्यासाठी आपल्या जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांना औरंगाबाद खंडपीठात आणि पुढं थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. एका हंगामाच्या हक्काच्या पैशासाठी दिल्ली! या ताणावर उपाय व्यवस्थेनंच करायचा असतो.

पण उलटंही ऐकायला मिळतं. "टेन्शन-बिन्शन काही नसतं, पैसे द्या, सगळं बरं होतं." हेही खोटं आहे. पैसे आले तरी रात्री दोनला उठून बसणारी माणसं आपल्या गावात आहेत. आणि ज्यांच्याकडं पैशाची अडचण नाही अशी नोकरदार मंडळी, बँकेतली, शाळेतली, पंचायत समितीतली, बीपीच्या गोळ्या खातच आहेत की.

तर आधी विसाव्याचं बोलू. कारण ते आपल्याकडं होतं, अजून थोडं आहे, आणि आपणच ते हातानं घालवतोय.

वेळा अमावस्या, आपली येळवस. मार्गशीर्षातली अमावस्या. पुण्या-मुंबईच्या लोकांना सांगितलं तर कळत नाही, अमावस्येला कुणी सण करतं का म्हणतात. हा सण कर्नाटकातून आपल्याकडं आला. लातूर, धाराशिव, सोलापूरचा सीमेकडचा भाग हा आपल्याकडचा त्याचा मुख्य मुलूख. त्या दिवशी उमरगा, लोहारा, तुळजापूर, कळंबच्या बाजारात शुकशुकाट असतो, गाव रिकामं आणि शिवार भरलेलं. कडब्याची कोप उभी करायची, आत चुन्यानं रंगवलेले पाच पांडव मांडायचे, पूजा करायची आणि जेवायला बसायचं. ओला हरभरा, तूर, वाटाणा, सापडेल ती भाजी घालून केलेली भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, शेंगाच्या पोळ्या आणि बिंदगीतली गार आंबील. (ज्यांना भज्जी म्हटल्यावर कांदाभजी आठवतात त्यांनी एकदा आमच्याकडं यावं.) आंबील प्यायली की बांधावरच डोळे मिटतात. पोरं झाडाला झोका बांधतात. अंधार पडायला लागला की पेटता हेंडगा पिकाभोवती फिरवतात.

आता ती यादी काढा आणि जुळवून बघा. उन्हात बसणं, चालणं, पोटभर साधं जेवण, माणसांची सोबत, दुपारची झोप, कामाला सुट्टी. सगळं एका दिवसात आणि फुकट. शिवाय एक गोष्ट त्या यादीत नाहीच. ज्याला शेत नाही त्याला हाक मारून बोलवायचं, आणि रस्त्यानं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही जेवल्याशिवाय सोडायचं नाही. त्या दिवशी कोपीजवळ कुणी कुणाच्या कर्जाचा विषय काढत नाही. ही शिस्त कुणी लिहून दिलेली नाही, पण पाळली जाते. पीक गेलेल्या माणसाला चार लोकांत बसून कर्जाशिवाय दुसरं काहीतरी बोलता येणं हेच मोठं औषध आहे.

मात्र या सणाचं कौतुक करताना एक गोष्ट लपवायची नाही. पुरुषांचा विसावा सकाळी दहाला सुरू होतो, बाईचा दिवस आदल्या रात्रीच सुरू झालेला असतो. भाज्या निवडणं, उंडे वळणं, पहाटे उठून चूल, मग डोक्यावर पाटी घेऊन शेत. आणि संध्याकाळी भांडी. आपल्या माय-बहिणींना येळवसीचं टेन्शन जातं की येतं, हे त्यांना विचारलंय का कुणी? भज्जी ढवळायला गड्यानं उभं राहिलं तर पांडव कोपत नाहीत. दुसरं म्हणजे वाशी, भूम, कळंबकडून ऊसतोडीला गेलेली कुटुंबं. दिवाळीच्या आगेमागे गाडी भरून जातात ती उन्हाळ्यातच परत. त्यांची येळवस कुठल्यातरी साखर कारखान्याच्या फडात, कोयत्यावर जाते.

आणि वर्षातला एक दिवस धरला तर उरलेल्या ३६४ दिवसांचं काय? धाराशिव शहरात निदान हातलादेवीचा डोंगर आहे, सकाळी माणसं चढताना दिसतात. येडशीजवळ रामलिंग आहे, पावसाळ्यात नळदुर्गला नर-मादी धबधबा आहे. पण ही जायची ठिकाणं झाली. रोज संध्याकाळी सात वाजता गावातल्या माणसानं, विशेषतः बाईनं, बसायचं कुठं? पारावर पुरुषांची मक्तेदारी, आणि तिथंही आता प्रत्येकाची मान मोबाईलमध्ये. झेडपीच्या शाळेचं मैदान पाच वाजता कुलूपबंद. मग विसावा म्हणून जे मिळतं ते घेतलं जातं. गुटखा, क्वार्टर आणि रमी. या रमीनं आपल्या पोरांचं किती वाटोळं केलं ते घराघरात माहीत आहे. टाइमपास म्हणून सुरू होतं आणि बापाच्या खात्यावरचं अनुदान उडवून थांबतं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, चांगलं झालं. पण त्या पोराची रिकामी संध्याकाळ कायद्यानं भरत नाही. तिथं व्हॉलीबॉलचं नेट लागतं, उघडं वाचनालय लागतं, भजनी मंडळात नव्या पोराला टाळ देणारा म्हातारा लागतो.

ग्रामपंचायतींना माझं सरळ सांगणं आहे. पेव्हर ब्लॉक आणि कमानी बास झाल्या. शाळेच्या मैदानावर दोन दिवे लावा, रात्री नऊपर्यंत फाटक उघडं ठेवा आणि आठवड्यातले काही दिवस ते बायकांसाठी राखा. याला कोट्यवधी लागत नाहीत.

आता शेवटचा आणि नाजूक मुद्दा. विसाव्यानं जाणारा थकवा वेगळा आणि आजार वेगळा. दोन-तीन आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, माणूस बोलायचा बंद झालाय, उगाच सगळ्यांची निरवानिरव केल्यासारखं बोलतोय, अशा वेळी त्याला "मन रमव, तुळजापूरला जाऊन ये" एवढंच सांगून सोडू नका. आईच्या दर्शनाला जरूर न्या, पण डॉक्टरकडंही न्या. २०१५ साली सरकारनं शेतकरी आत्महत्या जास्त असलेल्या १४ जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्प सुरू केला, त्यात आपला जिल्हा आहे. आशाताईंनी घरोघरी जाऊन खचलेली माणसं ओळखायची आणि उपचारापर्यंत न्यायची, ही त्यातली कल्पना. त्याच वर्षी बळीराजा चेतना अभियानासाठी यवतमाळ आणि आपला असे दोनच जिल्हे निवडले होते. आशाताई म्हणजे फक्त लसीकरण आणि बाळंतपण असं समजू नका. घरातल्या माणसाबद्दल काळजी वाटत असेल तर त्यांना सांगा, लाजू नका.

१४४१६ हा टेलिमानसचा नंबर मोबाईलमध्ये टाकून ठेवा. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास, फुकट, आणि मराठीत बोलता येतं. कुणी जिवाचं काही करायचा प्रयत्न केला आणि वाचला, तर पोलिस केसच्या भीतीनं घरचे दवाखान्यात न्यायला बिचकतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जातं, त्याला शिक्षा करायची नाही, उलट त्याची काळजी घेणं हे सरकारचं काम ठरवलंय. हे गावात मोठ्यानं सांगा.

आणि पुढाऱ्यांना विचारा. ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी अशी राज्याची चार मनोरुग्णालयं वर्षानुवर्षं चालत आली, त्यात मराठवाड्याच्या वाट्याला एकही का आलं नाही? सभेत उभं राहून विचारा, निवेदनात लिहा.

तुमच्या गावच्या शाळेचं मैदान संध्याकाळी उघडं असतं का? गावाचं नाव टाकून कमेंटमध्ये लिहा. यादी करू आणि जिल्हा परिषदेत नेऊन देऊ.