कोरे रकाने

सूची करणे हे विद्वानाने एकट्याने, टेबलाशी बसून करायचे काम, अशी आपली समजूत असते. शंकर गणेश दाते यांची 'मराठी ग्रंथसूची' पाहिली की ती अधिकच पक्की होते. 1800 ते 1937 पर्यंतची पुस्तके नोंदवणारा तिचा पहिला भाग 1943 साली निघाला. पण कामगारवस्तीतल्या छोट्या प्रकाशकाच्या दप्तरापुढे ही रीत लंगडी पडते.

वरळीच्या बी. डी. डी. चाळीत आम्ही असेच एक दप्तर लावतो आहोत. आम्ही म्हणजे माझे चार विद्यार्थी, एक निवृत्त कंपॉझिटर आणि चाळीतल्या तीन आजीबाई. पत्र्याच्या दोन ट्रंका भरून शाहिरांची गाणी, वगांच्या वह्या, गिरणीच्या फाटकावर विकलेली कवितांची चोपडी. 1954 च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक पुस्तकाची प्रत ठरावीक ग्रंथालयांकडे धाडायची असते. पण या प्रकाशकाला टपालखर्च कुठून परवडणार? 'ऐसा गा मी ब्रह्म' (1962) लिहिणारे नारायण सुर्वे अभ्यासक्रमात पोहोचले. त्यांच्या शेजारचे कितीतरी जण ट्रंकेतच राहिले.

विद्यार्थ्यांनी रकाने आखले: लेखक, मुद्रक, साल, पृष्ठे, किंमत. निम्मे कोरेच! एका चोपड्याला तर वेष्टनही नव्हते. आजींनी दोन ओळी ऐकल्या आणि थेट चाल धरली.

"माझ्या थोरलीच्या बारशाला म्हटलंय की हे! तेव्हा नवंकोरं होतं. ती तीन महिन्यांची झाली अन् संप लागला."

गिरणी संप 18 जानेवारी 1982 चा. म्हणजे चोपडे 1981 च्या ऑक्टोबरातले! कंपॉझिटरकाकांनी पान डोळ्यांजवळ नेले. "ह्या 'ळ'चा खिळा तुटका आहे. आमच्याच छापखान्याचा." दुसरा रकानाही भरला. त्या दिवसापासून आम्ही एक रकाना वाढवला: 'कोणी सांगितले'.

घाई आहे ती याच रकान्याची. चाळी 1920 च्या दशकातल्या, खोली 160 चौरस फुटांची. 2025 च्या ऑगस्टमध्ये वरळीत पहिल्या 556 कुटुंबांना 500 चौरस फुटांच्या नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. फार चांगले झाले! पण घर बदलताना पहिला हात पडतो तो जुन्या कागदांवर. आणि सांगणारी माणसे कोणत्याच किल्लीने कुलपात ठेवता येत नाहीत.

तेव्हा वाचकहो, दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून एखादे बिनवेष्टनाचे चोपडे निघाले, तर रद्दीवाल्याला हाक मारण्यापूर्वी घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला हाक मारा. आणि शेजारी पेन्सिल घेऊन बसा.