तारा लावल्या आणि चेहरा आणखीच बिघडला?

‘मुलीचे खालचे दात वरच्या दातांच्या पुढे येतात. तारा लावून वर्ष होत आले. पण सुधारणा दूरच, हनुवटी पूर्वीपेक्षा जास्तच पुढे दिसू लागली. तारा काढून टाकाव्यात काय?’ असे विचारणारे आईबाप बरेच भेटतात. डॉक्टरांनी पुढे जबड्याचे ऑपरेशन करायचे ठरवले असेल, तर उत्तर एकच आहे. तारा काढू नका. चेहरा बिघडल्यासारखा दिसणे हा त्या उपचाराचाच भाग आहे. खेदाची गोष्ट ही की, बहुतेक घरांत हे कुणी आधी समजावून सांगितलेलेच नसते.

मुळात दात वाकडे असणे वेगळे आणि जबडा मागे-पुढे असणे वेगळे. तार दाताला हळूहळू रेटते. ज्या बाजूला दाब पडतो तिकडचे हाड विरघळते, मागच्या बाजूला नवे हाड भरते, आणि दात सरकतो. पण तार दात सरकवते, वाढ पूर्ण झालेल्या माणसाचा जबडा नाही. खालचा जबडाच लांब असेल किंवा वरचा जबडाच खुरटलेला असेल, तर नुसत्या तारांनी चावा बसत नाही. ओढूनताणून बसवलाच तर दात हाडाच्या कडेला जातात आणि हिरड्या सुटू लागतात.

आता चेहरा का बिघडतो ते पाहू. जबडे एकमेकांना भेटत नाहीत असे दिसले की शरीर स्वतःच तडजोड करते. हनुवटी पुढे असलेल्या मुलीचे खालचे पटाशीचे दात जिभेकडे कलतात आणि वरचे ओठाकडे झुकतात. त्यामुळे मूळ दोष अर्धामुर्धा झाकला जातो. ऑपरेशन याच स्थितीत केले तर दात मध्येच अडतात आणि जबडा हवा तेवढा मागे नेता येत नाही. म्हणून तारांचे डॉक्टर, म्हणजे ऑर्थोडॉन्टिस्ट, आधी ही तडजोड मोडतात. प्रत्येक दात आपापल्या हाडावर सरळ उभा करतात. झाकलेला दोष त्यामुळे उघडा पडतो. चावा पूर्वीपेक्षा जास्त चुकतो, घास तुटत नाही, आरशात पाहवत नाही. हे काम साधारण वर्ष-दीड वर्ष चालते आणि नेमक्या याच काळात लोक उपचार सोडतात. मध्येच सोडणाऱ्या मुलीची अवस्था पहिल्यापेक्षा वाईट होते, कारण तडजोडही गेली आणि दुरुस्तीही झाली नाही.

त्यानंतर ऑपरेशन. डोक्याचा बाजूने काढलेला एक्स-रे आणि दातांचे प्लॅस्टरचे साचे यांवरून, हल्ली संगणकावरही, जबडा किती मिलिमीटर हलवायचा हे आधीच ठरते. पूर्ण भूल देऊन बहुतेक सारे छेद तोंडाच्या आतून घेतात, म्हणून चेहऱ्यावर सहसा व्रण राहत नाही. खालच्या जबड्याचे हाड दाढांच्या मागे उभे चिरून दोन पापुद्र्यांसारखे वेगळे करतात आणि पुढचा भाग मागे किंवा पुढे सरकवतात. ही पद्धत ट्राउनर आणि ओब्वेगेसर या दोन सर्जननी १९५७ साली इंग्रजीत प्रसिद्ध केली. पूर्वी हाड जुळेपर्यंत काही आठवडे वरचे-खालचे दात तारेने बांधून ठेवीत. आता टायटॅनियमच्या बारीक पट्ट्या आणि स्क्रू लावतात, त्यामुळे बहुतेकांना तेवढा त्रास पडत नाही. ऑपरेशननंतर आणखी काही महिने तारा राहतात, चावा नीट बसवण्यासाठी. (काही ठिकाणी हल्ली आधी ऑपरेशन आणि मग तारा असेही करतात, पण ते प्रत्येकाला चालत नाही.)

त्रास होतच नाही असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. पहिले दोन-तीन आठवडे चेहरा चांगलाच सुजतो. आधी पेज, वरणाचे पाणी, दूध आणि मग साधारण सहा आठवडे मऊ भात, खिमट असेच खावे लागते. भाकरी नाही, चणे-शेंगदाणे तर नाहीतच. वजन थोडे उतरते. खालच्या जबड्यातून ओठाची नस जाते, म्हणून खालचा ओठ आणि हनुवटी बधिर होते. बहुतेकांची संवेदना काही महिन्यांत परतते, काहींची थोडी बधिरता कायम राहते. सही करण्यापूर्वी हे डॉक्टरांना स्पष्ट विचारावे. आणि विचारणारी ती मुलगी असावी, तिचे काका-मामा नव्हेत. स्थळ आले म्हणून घाईने ऑपरेशन उरकणे किंवा अर्ध्यावर तारा काढून लग्नाला उभी करणे, दोन्ही चूक.

गेल्या जन्मीचे पाप, ग्रहणातली चूक वगैरे बोलणाऱ्यांना सांगा, स्पेनचा राजा दुसरा कार्लोस (१६६१–१७००) याचा खालचा जबडा इतका पुढे होता की त्याला अन्न नीट चावता येत नसे. त्या राजघराण्यात तो जबडा पिढ्यान्‌पिढ्या चालत आला होता. घडण रक्तातून येते, आईला दोष देऊन काय मिळणार?

वयाचेही गणित आहे. हे ऑपरेशन सहसा वाढ थांबल्यावर करतात. मुलींत साधारण सोळा-सतरा, मुलांत अठरा-वीसच्या सुमारास. पण म्हणून लहानपणी स्वस्थ बसू नये. वरचा जबडा मागे असेल तर आठ-दहा वर्षांच्या आत, आणि खालचा मागे असेल तर वयात येताना, बाहेरून किंवा तोंडात लावायच्या साधनांनी वाढीला वळण देता येते, आणि काहींचे ऑपरेशन टळते. मूल हनुवटीवर जोरात पडले असेल किंवा कान फार दिवस फुटला असेल आणि त्यानंतर त्याच्या तोंडात त्याची दोन बोटेही उभी मावत नसतील, तर मात्र एक दिवसही थांबू नका. जबड्याचा सांधा जखडत असतो आणि जबड्याची वाढ खुंटते.

खासगीत हा खर्च सामान्य पगारदाराला झेपणारा नाही. मुंबईत शासकीय दंत महाविद्यालय आणि महापालिकेचे नायर दंत महाविद्यालय, तसेच नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) येथील शासकीय दंत महाविद्यालयांत तारांचा आणि जबड्याच्या शस्त्रक्रियेचा, असे दोन्ही विभाग एकाच आवारात आहेत. पहिल्याच भेटीत दोन्ही डॉक्टरांनी एकत्र तपासावे असा आग्रह धरा. रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला जवळ ठेवा आणि रुग्णालयातील समाजसेवा अधीक्षकांना भेटून मदतीची चौकशी करा. गर्दी असते, तारखा लांबच्या मिळतात. तारा आवळण्याची तारीख चुकवू नका.