आंघोळ रविवारची, गोचीड रोजची

परवा आत्याचा फोन आला. तिच्याकडे पामेरियनचं पिल्लू आलंय आणि प्रश्न नेहमीचाच, "अरे, याला किती दिवसांनी आंघोळ घालायची? आणि उन्हाळ्यात केस भादरायचे ना?" फोनवर काहीतरी गुळमुळीत बोललो, पण नंतर राहवेना. म्हणून हे लिहितोय. आत्या, रागावू नकोस. हे सगळ्यांसाठीच आहे.

आमच्या खंड्याला मी दर रविवारी आंघोळ घालायचो. न चुकता. गच्चीवर बादली, शाम्पू, टॉवेल, सगळा सरंजाम. येणारा-जाणारा म्हणायचा, "काय स्वच्छ ठेवलाय कुत्रा!" आणि मी फुशारायचो. मग एका पावसाळ्यात त्याने खाणं सोडलं. दोन दिवसांनी उठेना. हिरड्या पांढऱ्याफटक! डॉक्टरांनी रक्त तपासलं, प्लेटलेट्स पार खाली. टिक फीवर. त्यांनी त्याचा कान उलटा केला, पंजाची बोटं फाकवली, पट्टा सरकवला... टम्म फुगलेल्या पाच गोचिडी.

"आंघोळ घालता ना?"
"दर रविवारी!"
"आणि विंचरता कधी?"

मी गप्प. मानेवर औषधाचे थेंब टाकत होतो की! पण ते औषध कातडीवरच्या तेलातून अंगभर पसरतं, आणि मी ते तेल दर रविवारी घासून काढत होतो. म्हणजे ज्या स्वच्छतेची मिजास होती, तिनेच घात केला. 28 दिवस गोळ्या चालल्या. खंड्या वाचला, पण ते पहिले चार दिवस मी विसरणार नाही.

तर माझं स्पष्ट मत असं, की दर आठवड्याची आंघोळ कुत्र्यासाठी नसतेच. ती आपल्या नाकासाठी असते. निरोगी कुत्र्याला महिना-दीड महिन्यातून एकदा पुरे. चिखलात लोळला किंवा डॉक्टरांनी औषधी शाम्पू दिला तर गोष्ट वेगळी. आणि शाम्पू कुत्र्याचाच हवा, आपला नको. त्याची कातडी आपल्याइतकी आम्लधर्मी नसते, आपल्या शाम्पूने ती कोरडी पडते, खाजते.

विंचरणं मात्र रोज. लांब केसांच्या कुत्र्याला दहा मिनिटं. आखूड केसांच्या लॅब्रेडॉरला आठवड्यातून दोनदा ब्रश चालेल, पण हात रोज फिरवायचाच. कानामागे, काखेत, बोटांमध्ये, पट्ट्याखाली. आंघोळीआधी गुंते सोडवायचे, नाहीतर ओले होऊन त्यांचा नमदा होतो. नखं फरशीवर टकटक वाजू लागली की कापायची.

आणि ते उन्हाळ्यात भादरणं! कुत्रा आपल्यासारखा अंगभर घामाघूम होत नाही, तो धापा टाकून गार होतो. पामेरियनचे दुहेरी केस थंडीसारखंच ऊनही अडवतात. ते मुळापासून उडवले की कातडी उघडी पडते, आणि कधीकधी केस महिनोन्‌महिने परत येत नाहीत. शिट्झू किंवा पूडलचं वेगळं. त्यांचे केस वाढतच राहतात, त्यांना सहा-आठ आठवड्यांनी कात्री लागते. पण शेजारच्याचा शिट्झू कापला म्हणून आपला पामेरियन कापायचा, हे कुठलं शास्त्र?

"रोज वेळ कुणाला आहे?" असं आमचे काका म्हणतातच. काका, दहा मिनिटं! तेवढा वेळ तर आपण चहा गार होईपर्यंत मोबाईल बघतो. पार्लरवाल्याशी माझं भांडण नाही, नखं तो माझ्यापेक्षा छान कापतो. पण तो महिन्यातून एकदा भेटतो, गोचीड त्याची वाट बघत नाही.

असो. काल रात्री खंड्याच्या कानामागे एक सापडली. चिमट्याने कातडीजवळ धरली, सरळ ओढली, संपलं. तो झोपेतून उठलाही नाही.

आत्या, शाम्पू नंतर घे. आधी फणी घे.