‘ड्रॉप’ कुणाला परवडतो?

नीटचा निकाल लागला की आपल्या वस्त्यांमधून एकच सल्ला फिरू लागतो. “एक वर्ष ड्रॉप घे, पुढच्या वर्षी एमबीबीएस पक्कं.” सल्ला क्लासवाल्यांचा असतो, घरोघरी पोचवतात आपलेच मामा आणि काका. आम्ही या सल्ल्याच्या विरोधात आहोत. आपल्या पोरांनी डॉक्टर व्हावं, दहा वेळा परीक्षा द्यावी लागली तरी व्हावं. पण कॉलेजातून नाव काढून, घरी बसून नव्हे.

नीट पहिल्या झटक्यात निघत नाही, हे खरंच आहे. तामिळनाडूत न्यायमूर्ती ए. के. राजन समितीने २०२१ मध्ये अहवाल दिला. तिथल्या २०२०-२१ च्या एमबीबीएस प्रवेशांत ७० टक्क्यांहून जास्त विद्यार्थी पुन्हा परीक्षा दिलेले होते. म्हणजे आरक्षणाच्या नावाने बोटं मोडणारे ज्याला मेरिट म्हणतात, त्यात बापाच्या पैशातून विकत घेतलेलं एक जादा वर्ष असतं. त्यावर कुणी मोर्चा काढत नाही.

डॉक्टर आईबापाचं पोरगं ड्रॉप घेतं तेव्हा त्याची खोली, त्याचं ताट, त्याची फी जागच्या जागी असते. आपल्या पोराचं काय होतं? कॉलेजात नाव नाही म्हणून समाजकल्याणच्या वसतिगृहात जागा नाही. शिष्यवृत्ती नाही, स्वाधार नाही, एसटीचा पाससुद्धा नाही. दोन महिन्यांत बाप म्हणतो, बसलाच आहेस तर कामावर चल. आणि मुलगी घरी बसली की स्थळं यायला लागतात. असा ड्रॉप म्हणजे अभ्यासाचं वर्ष नसतं, शिक्षणातून बाहेर पडण्याची पहिली पायरी असते.

म्हणून पदवीला प्रवेश घ्या आणि नीटही द्या. नीटला आज कमाल वयाची अट नाही, किती वेळा द्यायची यावर बंधन नाही.

आता प्रश्न येतो पदवी कोणती. इथे आपल्यातले शिकलेले लोकही एक गैरसमज पसरवतात: “मायक्रोबायोलॉजी घे, मेडिकलच्या जवळचं आहे.” जवळचं म्हणजे काय? नीटचे ७२० गुण अकरावी-बारावीच्या अभ्यासावर आहेत. भौतिक १८०, रसायन १८०, जीवशास्त्र ३६०. बीएस्सीचा त्यात एक गुण मिळत नाही, आणि एमबीबीएसची साडेचार वर्षं व इंटर्नशिप एका दिवसानेही कमी होत नाही. मायक्रोबायोलॉजीची आवड असेल तर जरूर घ्या. पण डॉक्टरकीची सावली म्हणून घेतलेला विषय धड वाचला जात नाही, आणि पदवी झाल्यावर हातात काय, हे सांगायला तो सल्लागार येत नाही.

निकष एकच ठेवा: एमबीबीएस नाहीच झालं तर या पदवीवर मी उभा राहीन का? संख्याशास्त्र, अर्थशास्त्र, समाजशास्त्र यांचाही विचार करा. नर्सिंग आणि फार्मसी सन्मानाची कामं आहेत, पण हजेरी आणि प्रात्यक्षिकं इतकी कडक की सोबत नीटचा अभ्यास करताना दमछाक होते. आणि आडनाव ऐकून कुणी “तुम्हाला नर्सिंगच बरं” म्हणत असेल, तर तो सल्ला नाही, जागा दाखवणं आहे.

कला शाखेचं नाव काढलं की आपल्या घरांत सुतक येतं. शाळेत बाबासाहेबांना संस्कृत नाकारलं गेलं, फारसी घ्यावी लागली. त्यांना विषय दुसऱ्यांनी बंद केला होता. आज आपण आपल्याच हाताने बंद करतो, “बीए म्हणजे ढ” म्हणून. बाबासाहेबांची १९१२ ची पदवी बीएच होती, विषय अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र.

अमेरिकेत डॉक्टरकीच्या आधी सहसा चार वर्षांची पदवी लागते, आणि ती कोणत्याही विषयात चालते, फक्त विज्ञानाचे ठरावीक अभ्यासक्रम पूर्ण करावे लागतात. तिथल्या प्रवेशपरीक्षेत, एमकॅटमध्ये, २०१५ पासून मानसशास्त्र आणि समाजशास्त्रावरही प्रश्न येतात. आपल्याकडे २०१९ मध्ये डॉ. पायल तडवी गेल्या, सहकारी डॉक्टरांवर जातीय छळाचा गुन्हा दाखल झाला. शरीर शिकलेल्या डॉक्टरांना समाज कधी शिकवलाच नव्हता. आपल्यातला जो डॉक्टर होईल त्याने समाजशास्त्र वाचलेलं असेल, तर बिघडलं कुठे?

नव्या शैक्षणिक धोरणात पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडता येतं. ही सोय म्हणजे गरिबांना बाहेर काढण्याचा दरवाजा आहे, असं आमचं मत आहे आणि त्यावर वेगळं लिहूच. पण दरवाजा आहे तोवर नीट निघालेल्या पोराने तो वापरावा, केलेलं वर्ष कागदावर राहतं. प्रवेश घेतानाच विचारा, मधे सोडलं तर मूळ कागदपत्रं कधी परत मिळतील. पदवी पूर्ण करून एमबीबीएसला गेलात तर शिष्यवृत्तीचे नियम काय, हे समाजकल्याण कार्यालयात जाऊन आधीच तपासा, व्हॉट्सॲपवर नव्हे.

आणि अकरावीला येणाऱ्या पोरांनी जीवशास्त्रासोबत गणितही ठेवावं. नीटच्या भौतिकशास्त्राला ते लागतंच, आणि संख्याशास्त्रापासून इंजिनिअरिंगपर्यंतच्या वाटा उघड्या राहतात. ज्यांनी फक्त गणित घेतलं आणि नंतर डॉक्टर व्हावंसं वाटलं, त्यांच्यासाठी २०२३ च्या नोव्हेंबरपासून मार्ग मोकळा आहे: बारावीनंतर जीवशास्त्र जादा विषय म्हणून मान्यताप्राप्त बोर्डातून पास व्हा आणि नीटचा फॉर्म भरा.