सगळं आहे, फक्त जोडायचंय!

जगात काही वाक्यं अशी आहेत की ती कानावर पडताक्षणी शहाण्या माणसानं चपला पायात सरकवाव्यात आणि जिना उतरावा. 'जागा स्टेशनपासून चालत पाच मिनिटांवर आहे' हे त्यातलं एक. 'जामिनाची सही नुसती नावाला हवी' हे दुसरं. परंतु या सर्वांचा मुकुटमणी म्हणजे जुनी मोटार विकणाऱ्याच्या तोंडचं वाक्य, 'साहेब, सगळं आहे, फक्त जोडायचंय!'

हे वाक्य तो उच्चारतो तेव्हा त्याच्या पाठीमागे पत्र्याचं एक रिकामं कवच विटांवर बसलेलं असतं. डाव्या अंगाला चार गोण्या. उजव्या अंगाला श्रीखंडाचे नऊ डबे, ज्यांत नट, बोल्ट, वायसर आणि पूर्वी कधीतरी श्रीखंड अशा क्रमानं वस्तू असतात. विकणाऱ्याला हे सगळं नीट दिसत असतं, म्हणून तो विकत असतो. घेणाऱ्याला मात्र यातलं काही दिसत नाही. त्याच्या डोळ्यांसमोर ती गाडी लक्ष्मी रस्त्यावरून हॉर्न वाजवत निघालेली असते.

माझं म्हणणं सरळ आहे आणि ते मी भर चौकात सांगायला तयार आहे. गोणीतली मोटार ही मोटारच नव्हे. ती विकत घेणारा नवशिका छंद जोपासत नाही, एका गाडीच्या अंत्यविधीची वर्गणी भरतो. गंज आणि भंगारवाला यांच्या नावानं आपण उगाच खडे फोडतो. ते बिचारे निदान गाडीवर प्रेम करत नाहीत.

हे वेड मूळचं अमेरिकेतलं. तिथे १९६४ साली पॉन्टिअॅकची जीटीओ निघाली. मध्यम अंगलटीची गाडी आणि तिच्या पोटात सुमारे ६.४ लिटरचं आठ सिलिंडरांचं इंजिन! अशा गाड्यांना ते लोक 'मसल कार' म्हणतात. आपण पैलवान गाडी म्हणू. ज्या पोरांना तेव्हा ती परवडली नाही ती आता निवृत्त झाली आहेत आणि आपापल्या गॅरेजात तसली एकेक गाडी खोलून बसली आहेत. त्यांची चित्रफीत आपल्याकडे रात्री जेवणं आटोपल्यावर पाहिली जाते. चाळीस मिनिटांत गंजका सांगाडा आरशासारखा चमकू लागतो, तोही मध्ये दोन जाहिराती धरून. मग पाहणाऱ्याच्या हातांना खाज सुटते आणि तो माळ्यावरचा पाना शोधू लागतो.

आपल्याकडे पैलवान गाडी नव्हती. आपल्याकडे होती फियाट. १९७४ पासून तिला प्रीमियर पद्मिनी हे राजघराण्यातलं नाव मिळालं. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली, १०८९ सीसीची, स्टिअरिंगच्या दांड्यालाच गिअरचा दांडा असलेली सोज्वळ गाडी. त्या पॉन्टिअॅकच्या एका इंजिनात हिची जवळजवळ सहा इंजिनं बसतील. पण जिच्यासाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहावी लागे आणि जिच्या मागच्या बाकावर चार माणसं, दोन पोरं आणि एक कोकणातला फणस सहज मावत असे, ती मध्यमवर्गाची पैलवानीणच. तेव्हा आपले हौशी लोक तिच्यावर पाना चालवतात यात नवल नाही. नवल याचं की सल्ला मात्र अमेरिकेचा घेतात.

तिकडची गोष्ट निराळी आहे. १९६९ च्या कॅमॅरोचं अख्खं नवंकोरं कवच तिथे आजही विकत मिळतं. आपल्याकडे फार तर नाना पेठ आहे आणि बुधवार-रविवारचा जुना बाजार आहे. नाना पेठेतला दुकानदार मोठा प्रेमळ. तो तुम्हाला बसवतो, चहा पाजतो, हातातला तुकडा खालीवर करून पाहतो आणि म्हणतो, "साहेब, हा माल आता दुसऱ्या पद्मिनीतच मिळेल." या एका वाक्यात सगळी शोकांतिका आली. एक खोललेली गाडी जोडायला दुसरी गाडी खोलावी लागते. ती बहुधा चालती असते. म्हणजे हौशी माणसाच्या दारात दोन गाड्या मरतात आणि त्याला जीर्णोद्धार म्हणायचं!

दुसरी गोष्ट सांगाड्याची. शेव्हेलसारख्या पैलवान गाड्यांना खाली वेगळी जाड चौकट होती. वरची बॉडी उचलून बाजूला ठेवली तरी चौकट जागची हलत नाही. फियाटला तशी चौकट नाही. पत्र्याची जमीन, दारांखालच्या कडा आणि छप्पर मिळूनच तिचा कणा. चित्रफितीत पाहून नवशिका चारी दारं काढतो, गंजलेली जमीन करवतीनं कापतो आणि आतून आधार द्यायला विसरतो. कवच हळूच मधोमध वाकतं. मग दारं लावायला जावं तर बिजागरी पुण्यात आणि कडी पिंपरीत!

पण खरा मुद्दा याहून खोल आहे आणि तो मोटारीचा नसून हिशेबाचा आहे. मी बँकेत कारकून, त्यात कॉमर्सचा पदवीधर. त्यामुळे सुटे भाग पाहिले की मला व्हाउचरं आठवतात. समजा, वर्षभराची सगळी व्हाउचरं कुणी टाचण्या काढून, तारखा फाडून एका पोत्यात भरली आणि म्हणाला, 'सगळं आहे, फक्त तेरीज जुळवायची आहे.' त्याचं म्हणणं खोटं नाही. एकही कागद हरवलेला नाही. हरवला आहे तो क्रम, आणि हिशेब म्हणजे क्रमच.

मोटारीचं तसंच आहे. इंजिनात चार कनेक्टिंग रॉड असतात आणि प्रत्येकाला खाली एक टोपी. दिसायला चारही टोप्या सख्ख्या बहिणी. पण कारखान्यात रॉड आणि टोपी एकत्र आवळून भोक पाडलेलं असतं, त्यामुळे याची टोपी त्याला चालत नाही आणि आपली असली तरी उलटी चालत नाही. कॅमवर घासणारे टॅपेट वर्षानुवर्षं ज्या उंचवट्यावर झिजले त्याच्याशीच त्यांचं पटतं. मागच्या डिफरन्शियलमध्ये कागदासारख्या पातळ चकत्या असतात. त्या कुठे किती होत्या हे विसरलं की क्राऊन-पिनियन असं रडू लागतं की शेजारी चौकशीला येतात. ही माहिती गोणीत भरता येत नाही. ती खोलणाऱ्याच्या डोक्यात असते, आणि तो तर पैसे मोजून रिक्षात बसून गेलेला असतो.

हिशेबात तेरीज जुळली नाही तर फरक सस्पेन्स खात्यात टाकायची सोय आहे. मोटारीत नाही. जोडून झाल्यावर उरलेले अकरा नट तुम्ही सस्पेन्स खात्यात टाकलेत, तर ते खातं खंबाटकी घाटात उघडतं.

आमच्या शाखेतल्या एका सहकाऱ्यानं अशी गाडी घेतली त्या दिवशी मी साक्षीला होतो. मी विकणाऱ्याला विचारलं, "अहो, खोललीत कशाला?"

"रंग द्यायचा होता."

"रंग द्यायला इंजिन खोललंत?"

"म्हटलं, खोलतोच आहोत तर सगळंच करून घेऊ!"

वाचकहो, हे 'खोलतोच आहोत तर' लक्षात ठेवा. पद्मिन्यांच्या मृत्यूच्या दाखल्यावर कारण म्हणून हेच लिहायला हवं. मी सहकाऱ्याला बाजूला घेऊन सांगितलं, 'आपली बँक मोटारीवर कर्ज देते, कारण हप्ते थकले तर मोटार ओढून आणता येते. या मालावर ती छदाम देणार नाही. बँकेला जे तारण चालत नाही ते तू संसाराला का लावतोस?' तो हसला. गोण्या घरी गेल्या. दोन पार्किंगमध्ये, दोन गॅलरीत. वहिनींनी एवढंच विचारलं, "पाहुणे किती दिवस आहेत?" तेव्हा तिसरीत असलेली त्याची मुलगी आता स्वतःच्या स्कूटरवरून कॉलेजला जाते. पाहुणे आहेत.

यावर हौशी मंडळींचे तीन ठरलेले बचाव असतात.

पहिला, स्वस्तात मिळाली. मिळाली ना, पण काय मिळालं? मिस्त्रीला जोडणीचे पैसे कमी आणि शोधणीचे जास्त लागतात. एका म्हाताऱ्या मिस्त्रीनं मला हे शास्त्र एका वाक्यात सांगितलं. "साहेब, मी खोललेलं मी जोडीन. दुसऱ्यानं खोललेलं जोडणं म्हणजे अर्धी दाढी त्यानं केलीय आणि वस्तरा घेऊन तो गावाला गेलाय!"

दुसरा बचाव, आम्हाला शिकायचंय. हा बचाव मला सर्वांत संतापजनक वाटतो, कारण तो ऐकायला सात्त्विक आहे. तबला शिकायला आलेल्या पोराला पहिल्या दिवशी वाद्या, गट्टे आणि पुड्या सुट्या हातात देऊन कुठले गुरुजी 'वाजव' म्हणतील? शिकायला समोर उत्तर देणारी वस्तू लागते. चालत्या गाडीचा एक स्क्रू पाव फेरा फिरवला की ती लगेच खोकते किंवा गाते, आणि आपल्याला कळतं. खोललेली गाडी मुकी असते. नवशिका तिच्यात पन्नास चुका करतो, ती एका शब्दानं बोलत नाही, आणि शेवटचा बोल्ट आवळून किल्ली फिरवल्यावर पन्नासही उत्तरं एकदम देते. त्यातलं कुठलं उत्तर कुठल्या प्रश्नाचं, हे ओळखायला ब्रह्मदेव यावा लागेल, आणि तोही मजुरी आगाऊ मागेल.

तिसरा बचाव भावनेचा. वडिलांची गाडी आहे हो! इथे माझाही आवाज खाली येतो. पण म्हणूनच सांगतो, तिला हात लावू नका. वडिलांच्या घामाचा वास त्या बाकाला आहे, त्यांच्या अंगठ्यानं चोकची गुंडी झिजली आहे. ते सगळं उचकटून गोणीत भरायचं आणि वर चकचकीत रंग देऊन 'नव्यासारखी' करायची? नव्यासारखी गाडी शोरूमवाल्याची असते. वडिलांची गाडी जुन्यासारखीच असते.

आणि या सर्वांना निरुत्तर करणारा पुरावा मुंबईच्या रस्त्यांवर कित्येक दशकं धावत होता. काळी-पिवळी पद्मिनी! टॅक्सी म्हणून शेवटची पद्मिनी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली आणि वीस वर्षांची मर्यादा संपून ऑक्टोबर २०२३ अखेर तिनं निरोप घेतला. वीस वर्षं! मुंबईचा पाऊस, मुंबईचे खड्डे आणि दादरला चढणारी पाच माणसं झेलून. त्या टॅक्सीवाल्यांपैकी कुणी 'जीर्णोद्धार' हा शब्द तरी उच्चारला होता का? रात्री क्लच गेला, रात्रीच बदलला, कारण सकाळी धंद्यावर जायचं होतं. त्यांना हौस परवडत नव्हती, म्हणून गाड्या वाचल्या. आपल्याला हौस परवडते, म्हणून गोण्या भरल्या.

तेव्हा ज्यांना खरंच जुनी गाडी हवी आहे त्यांनी चालती घ्यावी. रंग उडालेला असो, बाकातून काथ्या बाहेर आलेला असो, पण चालती. आधी ब्रेक करा, मग रेडिएटर आणि पाण्याचे पाइप, मग वायरिंग. एका वेळी एकच काम हातात घ्यायचं, ते जोडून गाडी रस्त्यावर फिरवून आणल्याशिवाय दुसरं खोलायचं नाही. प्रत्येक सुट्या भागाला चिठ्ठी, प्रत्येक चिठ्ठीची वहीत नोंद, आणि ती नोंद त्याच दिवशी. रंग सर्वांत शेवटी.

ज्यांच्या घरी गोण्या येऊन पडल्याच आहेत त्यांनी नवा रंग विकत आणण्याआधी सगळं जमिनीवर मांडून यादी करावी. इंजिनचा आणि चासीचा नंबर आरसी बुकाशी ताडून पाहावा. नाहीतर इंजिन एका घराण्याचं, कवच दुसऱ्या, आणि कागद तिसऱ्याच! केंद्र सरकारनं २०२१ च्या जुलैत पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीचा नियम केला. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये आणि नंबरात 'व्हीए' ही मानाची अक्षरं. पण त्यासाठी गाडी मूळ रूपात असावी लागते, आणि गोणी हे कुठल्याही गाडीचं मूळ रूप नाही. यादी झाली की ती घेऊन एखाद्या म्हाताऱ्या मिस्त्रीकडे जावं. मात्र लवकर जावं. त्या मिस्त्रीचे सुटे भागही आता नाना पेठेत मिळत नाहीत.

खोलणं म्हणजे अर्धं काम झालं, असं जे म्हणतात त्यांना माझं सांगणं आहे की कपाट उलटं करणं म्हणजे अर्धी आवराआवर नव्हे. ते उरलेल्या कामात आपण स्वखुशीनं घातलेली भर आहे. म्हणून पुढच्या खेपेला कुणी गोणीवर हात ठेवून, डोळ्यांत पाणी आणून 'सगळं आहे, फक्त जोडायचंय' म्हणाला, तर वाद घालू नका, घासाघीस तर मुळीच करू नका. नम्रपणे एवढंच म्हणा, "छान! जोडून झाली की किल्ली लावून दाखवा. तोवर आम्ही रांगेत उभे आहोत."

फियाटसाठी रांगेत उभं राहायची आपल्याला सवय आहे.