पाडून टाका म्हणणाऱ्यांसाठी

"जुनी इमारत आहे, काय ठेवलंय तिच्यात? पाडा आणि टॉवर बांधा." आमच्या नात्यातल्या दर लग्नात हे वाक्य कोणीतरी म्हणतंच, आणि माझं डोकं फिरतं. पंगतीत भांडण नको म्हणून गप्प बसतो. इथे बसणार नाही.

एस्टोनियाच्या राजधानीत, टालिनमध्ये, अगदी समुद्राला लागून सी-प्लेनचे हँगर आहेत. पहिल्या महायुद्धात, १९१६-१७ साली, रशियन आरमारासाठी 'ख्रिस्तियानी अँड नील्सन' या डॅनिश कंपनीने ते बांधले. ओळीने तीन घुमट, आणि घुमटाखाली मध्ये एकही खांब नाही! विमान आत ढकलायचं तर वाटेत खांब नको, इतकी साधी गरज. त्यासाठी सळ्या घातलेल्या काँक्रीटचं कवच केलं, माथ्यावर जेमतेम ८ सेंटीमीटर जाड. एवढी मोठी कवचं जगात तेव्हा नवीच होती.

पुढे साम्राज्य गेलं, एस्टोनिया स्वतंत्र झाला, मग सोव्हिएत सत्ता आली. सगळा परिसर लष्कराचा, सामान्य माणसाला प्रवेश बंद. देखभाल नाही. काँक्रीट फुटलं, सळ्या गंजल्या. १९९१ नंतर मालकीवरून कोर्टकचेरी झाली ती वेगळीच. म्हणजे 'पाडा' म्हणायला सगळी कारणं तयार होती, नाही का?

त्यांनी पाडलं नाही. दुरुस्त केलं, आणि मे २०१२ मध्ये तिथे सागरी संग्रहालय उघडलं. १९३६ साली इंग्लंडमध्ये बांधलेली 'लेम्बित' ही आख्खी पाणबुडी आज त्या घुमटाखाली उभी आहे. लोक तिच्या आत शिरून बघतात. २०१३ मध्ये या कामाला युरोपा नोस्त्राचा पुरस्कार मिळाला.

आता तुम्ही म्हणाल, खर्चाचं काय? खर्च झालाच, युरोपीय संघाचा निधीही लागला. पण मुद्दा नीट बघा. खांब नसलेली प्रचंड जागा विमानाला हवी होती, तीच पाणबुडीला उपयोगी पडली. जुन्या इमारतीत 'काय ठेवलंय', तर हे ठेवलंय!

आणि माझं भांडण फक्त पाडणाऱ्यांशी नाही. कुलूप ठोकून बाहेर 'वारसा' अशी पाटी लावणारेही तेवढेच दोषी. वापर नसलेली इमारत पाटीने वाचत नाही, ती फक्त सावकाश पडते.

गिरणगावात किती गिरण्यांच्या जागी मॉल आणि टॉवर आले ते आपण पाहिलं. गिरण्यांचे ते लांबरुंद खातेसुद्धा प्रदर्शनाला, नाटकाला, वाचनालयाला चालले असते. आपण विचारलं ते एवढंच : चौरस फुटाला भाव काय?

असो. पुढच्या लग्नात कोणी विषय काढलाच, तर त्याला ही पोस्ट वाचायला सांगा.